खुंटीवर टांगलेली गोळी

घड्याळ आमच्या घरात आहे. भिंतीवर आहे, चालू आहे, आणि त्याच्याकडे कोणी बघत नाही. लग्नात नवऱ्याच्या मावशीने दिलं म्हणून राहिलंय. खाडीत शिंपल्यातली कालवं पिकवणाऱ्याला घड्याळाचा काय उपयोग? आम्ही पाण्यावर जगतो. पाणी उतरायला लागलं की आमची सकाळ, पाणी चढलं की जेवण. आणि पाणी रोज कालच्यापेक्षा थोडं उशिरा उतरतं, म्हणून आमची सकाळही सरकत जाते. कधी ती अंधारात होते, कधी सगळं गाव दुपारचं ताट घेऊन बसलेलं असतं तेव्हा. दुकानदार हसतात, म्हणतात बार्बाच्या घरी भर दुपारी न्याहारी करतात. करतो. त्यांच्या दारात मागायला जात नाही.

ती बार्बा मीच. फ्रान्समध्ये, ब्रिटनीच्या उत्तर किनाऱ्यावर, नदी जिथे समुद्रात शिरते त्या खाडीत, माझी शेतं आहेत. आजीने सुरू केली, आजीकडून आईकडे आली, आईकडून माझ्याकडे. मध्ये पुरुष आले, राबले, गेले. शेतं बायकांच्या हातात राहिली. शाळा मी लिहिता-वाचता येईपर्यंत केली, पुढची पाण्यात झाली. मला एकच मुलगा, आणि तो होडीत बसला की ओकायचा. आता तुलूझला विमानांच्या कारखान्यात आहे. विमानात ओकत नाही, कारण तो ती बनवतो, त्यात बसत नाही. त्याची मुलगी रोझेन मात्र सुट्टीला इथे यायची ती चिखलाने माखूनच परत जायची, आणि शिक्षण संपल्यावर आली ती राहिलीच. कालवांची पिशवी उलटताना तिची कंबर कशी वळते ते बघितलं आणि मी ठरवून टाकलं, माझ्यानंतर शेतं हिची. पुतण्या एर्वे तेव्हापासून माझ्याशी जरा जास्तच गोड बोलतो.

मग रोझेनला फिट आली. शनिवारच्या बाजारात, आमच्या टेबलामागे, हातात सुरी असताना. गिऱ्हाइकाला कालव उघडून देत होती, मध्येच थांबली, कुठेतरी लांब बघितल्यासारखं केलं आणि खाली कोसळली. अंग ताठ, मग झटके. बाजार गोळा झाला. माझ्या आईच्या काळी अशा मुलीला कुठल्यातरी संताच्या झऱ्यावर नेऊन अंघोळ घालायचे आणि पाहुणे आले की मागच्या खोलीत बसवायचे. मी तिला ब्रेस्तच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. आणि पुढच्या शनिवारी टेबलामागे तिलाच उभी केली, कोण बघतंय ते बघायला मीही शेजारी उभी राहिले. कोणी बघितलं नाही.

ब्रेस्तची डॉक्टर तरुण बाई होती, डोंगराळ मुलखातली, बोलायला चांगली. डोक्याचे फोटो काढले, तारा लावल्या, शेवटी म्हणाली की हा अपस्मार आहे, औषधाने बऱ्याच जणांचा ताब्यात राहतो. एक गोळी सकाळी, एक रात्री. होडी चालवायची नाही, पाण्यात एकटीने उतरायचं नाही, दारू जपून, झोप पुरेशी. रोझेन मान हलवत होती, पण तिचं लक्ष एकाच गोष्टीवर. उठता उठता तिने विचारलंच, समुद्रावर जाऊ ना? सोबत कोणी असेल तर जा, डॉक्टर म्हणाली, आणि मग बोट वर करून बजावलं:

"पण ही गोळी घेतल्याशिवाय समुद्रावर पाऊल टाकायचं नाही. कधीच."

हे वाक्य आम्ही दोघींनी ऐकलं. दोघींना पटलं. परतताना गाडीत रोझेन मला म्हणाली की ही बाई समजूतदार आहे, हिला आपलं काम कळतं.

आता आमच्या शेडमधल्या खुंट्यांबद्दल सांगायला हवं. किनाऱ्यावर आमची शेड आहे, आणि तिच्या दाराशी भिंतीवर प्रत्येकाची खुंटी. खुंटीवर समुद्राचं सामान: छातीपर्यंत येणारी रबरी विजार, लाईफ जॅकेट, हातमोजे, सुरी. समुद्रावर जाताना अंगावर चढवायचं, परतल्यावर धुऊन खुंटीवर. घरात न्यायचं नाही. मीठ आणि चिखल घराच्या उंबऱ्याच्या आत नको, आणि घरची वस्तू शेडमध्ये नको. हा नियम माझा आहे आणि तो कोणी मोडत नाही. दारातून आत नजर टाकली की कुणाची खुंटी रिकामी आहे, म्हणजे कोण पाण्यावर आहे, ते कळतं. एकदा असंच कळलं होतं की एक जण वेळेत परतलेला नाही, आणि तो जिवंत सापडला. म्हणून नियम.

उधाणाच्या दिवसांत, पुनवेला आणि अवसेला, पाणी लांब मागे जातं, शेतं उघडी पडतात. लोखंडी घोड्यांवर, म्हणजे बुटक्या चौकटींवर, कालवांच्या जाळीच्या पिशव्या बांधलेल्या असतात, त्या उलटायच्या, झटकायच्या, शेवाळ काढायचं. भांगाच्या दिवसांत, चंद्र अर्धा असतो तेव्हा, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. घोड्या पाण्याखालीच राहतात. तेव्हा आम्ही शेडमध्ये बसून कालवं निवडतो, आणि रबरी विजारी खुंटीवर लोंबत असतात, माणसं गेल्यावर कपडे उरावेत तशा.

औषध सुरू झालं आणि रोझेनला बरं वाटायला लागलं. पण पुन्हा फिट आली. मग आणखी. आणि एक गोष्ट माझ्या आधी शेजारच्या लुईझच्या लक्षात आली, कारण तिला दुसरं काम नाही. फिट येते ती भांगातच येते. उधाण असलं की पोरगी ठणठणीत, पाणी मेलं की ही पडते. लुईझ म्हणाली, चंद्र. गाव म्हणालं, चंद्र. मीही म्हणाले. समुद्र एवढा मोठा, त्याला चंद्र ओढतो, तर आमच्या पोरीच्या डोक्यात ते काय जड आहे?

डॉक्टरने विचारलं, गोळ्या घेतेस ना? रोझेन म्हणाली, न चुकता. आणि ते तिने खरं सांगितलं होतं. डॉक्टरच्या कपाळावर आठी आली. म्हणाली, पुन्हा फिट आली तर हे औषध पुरत नाही असं समजून दुसरं सुरू करावं लागेल, आणि ते लागू पडेपर्यंत समुद्र बंद. सोबतीनेसुद्धा बंद. किती दिवस, ते आत्ता सांगता येणार नाही.

समोर नाताळचा हंगाम होता, सगळ्या वर्षाची विक्री त्यात. होडी तेव्हाही एर्वेच चालवायचा, आणि सुकाणूला हात लावताना तो असा बसायचा की जणू खाडी त्याच्या बापाची. तो मला म्हणून गेला होता की काकू, शेतं कुणाच्या नावावर करायची ते या हिवाळ्यात ठरवा, तुमचं वय झालं. वय झालं हे मला सांगायला तो एकटाच उरला होता. पण जी पाण्यावर जाऊच शकत नाही तिच्या नावावर शेतं कशी करणार? हे मलाही दिसत होतं, पोरीलाही दिसत होतं. ती रात्री उशीत तोंड घालायची आणि सकाळी डोळे धुऊन यायची, आणि मी कांदा चिरत बसायचे, म्हणजे माझे डोळे कशाने लाल झाले ते विचारायला नको.

यात आणखी एक माणूस होता, क्लेमां. गावातली बेकरी चालवायला शहरातून आला. आल्या आल्या माझ्या नातीच्या प्रेमात पडला, ही त्याची एकच अक्कल. बाकी सगळं पीठ. भुवयांतसुद्धा पीठ. मला पहिल्या दिवसापासून आजी म्हणतो. मी म्हटलं, कुणाची आजी? तर म्हणाला, अजून माझी नाही, पण सवय आधीपासून असलेली बरी. असल्या माणसाला काय बोलायचं?

आणि त्याचं सगळं घड्याळावर. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा तो शेडमध्ये येऊन बसतो, रोझेन कालवं निवडते आणि हा तिला बघतो. पण संध्याकाळचे सात वाजत आले की दोरीने ओढल्यासारखा उठणार. मी एकदा विचारलं, दुकान बंद, भट्टी थंड, मग कुणाला भरवायला चाललास?

तर म्हणाला, खमिराला. पाव फुगवायचं बरणीतलं जुनं खमीर, त्याच्या गुरूने दिलेलं. त्याला सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला पीठ-पाणी घालावं लागतं. पाव करायचा असो नसो.

"आज पाव करायचा नाही, मग आज कशाला?"

"खमिराला सोमवार कळत नाही, आजी."

मी म्हटलं, खमीर तुझ्यापेक्षा हुशार दिसत नाही मग. तो हसला आणि गेला. रोझेन माझ्यावर रुसली. मी तिला सांगितलं की मी त्याला बोलते म्हणजे तो मला आवडतो असं समजू नको.

त्या हिवाळ्याच्या तोंडावर असाच एक सोमवार, भांगाचा. आम्ही शेडमध्ये. लुईझ चकाट्या पिटायला आलेली, क्लेमां उलट्या टोपलीवर बसलेला. रोझेन निवडता निवडता थांबली. हातातलं कालव तसंच धरून लांब बघायला लागली. मला ते बघणं माहीत झालं होतं. मी ओरडायच्या आत क्लेमां उठला आणि तिला पडता पडता धरून खाली निजवलं. टोपल्या लाथेने लांब सारल्या, अंगातला कोट काढून तिच्या डोक्याखाली सरकवला. लुईझ चमचा शोधत पळाली, दातांमध्ये घालायला, तिच्या आजोबांना घालायचे म्हणे. क्लेमांने तिला असं काही थांबवलं की मी बघत राहिले. तोंडात काही घालायचं नाही, म्हणाला. हात-पाय दाबून धरायचे नाहीत. तो मनगटावरचं घड्याळ बघत होता. मला त्याचा राग आला, पोरगी तडफडतेय आणि हा वेळ बघतोय. तसं त्याने मान वर न करता सांगितलं की पाच मिनिटांच्या वर गेलं तर रुग्णवाहिका बोलवायची, म्हणून बघतोय. जिथे तो काम शिकला तिथे भट्टीवरच्या एका माणसाला फिट यायच्या.

गेलं नाही पाच मिनिटांच्या वर. झटके थांबले, त्याने तिला कुशीवर वळवलं, तोंडाची लाळ आपल्या बाहीने पुसली. लुईझने सफरचंदाच्या दारूची बाटली काढली होती, तरतरी यायला. ती मी तिच्या हातातून घेतली आणि स्वतः एक घोट प्यायले.

बऱ्याच वेळाने रोझेन उठून बसली. पहिल्यांदा तिने खुंट्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. काय झालं ते तिला कळलं होतं. आता डॉक्टर समुद्र बंद करणार होती. मी तिचं डोकं माझ्या पोटाशी धरलं. मला म्हणायचं होतं की शेतं गेली खड्ड्यात, तू आहेस ना. पण ते तोंडातून निघेना, कारण शेतं खड्ड्यात जावीत असं मला वाटत नव्हतं.

क्लेमां समोर उकिडवा बसला होता. त्याने हळूच, कोणाला घाई नसल्यासारखं विचारलं, आज सकाळची गोळी घेतली होतीस ना?

रोझेनने त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने विचारलं, आज जेवताना लाईफ जॅकेट घातलं होतंस का?

"आज कशाला? आज समुद्रावर कुठे जायचं होतं?"

मी बाटलीतून आणखी एक घोट घेतला.

क्लेमां उठला. खुंटीपर्यंत गेला, रोझेनच्या रबरी विजारीच्या छातीवरच्या खिशात हात घातला. सुरीच्या शेजारी गोळ्यांची डबी होती. सकाळची गोळी ती तिथेच ठेवायची. समुद्रावर जाताना विजार चढवायची, जॅकेट चढवायचं, गोळी घ्यायची, होडीत बसायचं. परतली की सगळं खुंटीवर. उधाणात रोज घ्यायची, एकही दिवस चुकली नाही. आणि भांग आला की विजार खुंटीवर, जॅकेट खुंटीवर, गोळी खुंटीवर. रात्रीची गोळी घरात, पलंगाशी, ती रोज चालू होती. तिला वाटायचं ती झोपेची. न चुकता घेतेस ना, असं विचारलं की हो म्हणायची, कारण एकदाही ती गोळीशिवाय पाण्यावर गेली नव्हती.

मग चंद्राचं काय? काही नाही. भांगाचे दिवस लागले की तिच्या पोटात अर्धंच औषध जायचं, आणि चार-दोन दिवसांत फिट. चंद्राबद्दल माझं मत मी बदललेलं नाही. फिटच्या बाबतीत तेवढं त्याला सोडून दिलंय.

रोझेन डबीकडे बघत होती. एकदम उठली, क्लेमांच्या हातातून डबी ओढली, झाकण काढून तळहातावर गोळ्या ओतल्या आणि म्हणाली की राहिलेल्या सगळ्या आत्ता घेऊन टाकते, म्हणजे हिशेब पुरा. घशात टाकणारच होती. क्लेमांने मनगट धरलं आणि मी दुसरं. पिठाच्या हातात ताकद असते, हे मला त्या दिवशी कळलं. त्याने फोन कान आणि खांद्यात दाबून गावातल्या औषधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मुळीच नाही. राहिलेल्या गोळ्या भरून काढायच्या नसतात, एकदम जास्त घेतल्या तर आणखी बिघडेल. आजची एक घे, रात्रीची रात्री घे, आणि डॉक्टरला आजच कळवा.

रोझेनने एक गोळी घेतली. मग रडली.

"मी खोटं नव्हते बोलले, आजी."

"तुला कोण खोटं म्हणतंय ते मला दाखव," मी म्हटलं. "त्याला आत्ता खाडीत बुडवते."

ब्रेस्तला मीही गेले. चांगला कोट घातला, गळ्याशी चांदीची पिन लावली, आणि वाटेत काय काय बोलायचं ते मनात रचत गेले. बाई, तुम्हीच बोट वर करून सांगितलं होतं. पण आत गेल्यावर डॉक्टरने सगळं शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये तोंड घातलं नाही. मग म्हणाली, हो, मी असंच म्हणाले होते. मला वाटलं समुद्राची भीती घातली की पक्कं लक्षात राहील. खुंटीबद्दल मला माहीत नव्हतं. आणि हसली, पण रोझेनला नाही, स्वतःलाच. माझं रचलेलं सगळं भाषण तसंच राहिलं. फुकट गेलं. अजून मला पाठ आहे.

तिने रक्त तपासायला घेतलं. मग सांगितलं की आत्ता औषध बदलायचं नाही. हे औषध पुरत नाही असं म्हणण्याआधी ते पोटात तर जाऊ दे. जॅकेट बाहेरून घालतात, म्हणाली, हे आतून असतं. काढून ठेवलं की त्या क्षणी नाही, पण हळूहळू उतरतं, आणि माणूस जमिनीवर असला तरी बुडतो. रोज, सकाळी एक आणि आता रात्रीऐवजी संध्याकाळी एक, त्याच वेळेला. समुद्र असो नसो. बरं वाटलं म्हणूनही सोडायचं नाही, माझ्याशी बोलल्याशिवाय. काही महिने फिट आली नाही की मग सोबतीने शेतं, आणि त्याहून पुढे गेलो तर होडीचंही बघू.

रोझेनचे ताणलेले खांदे पहिल्यांदा सैल झाले.

मग डॉक्टरने विचारलं, तुमच्या घरी रोज ठरल्या वेळेला होते अशी कुठली गोष्ट आहे? तिला गोळी बांधा. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो. जेवण? सरकतं. झोप? सरकते. अंघोळ, बाजार, भांडण, सगळं पाण्याबरोबर सरकतं. एवढ्या वयात मला पहिल्यांदा कळलं की आमच्या घरात स्थिर असं काहीच नाही.

"खमीर," मी म्हटलं.

डॉक्टरला वाटलं मी पावाबद्दल बोलतेय. रोझेनला कळलं. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

त्या संध्याकाळी मी बेकरीत गेले. पुढच्या दाराने, गिऱ्हाइकांसमोर. क्लेमांला म्हटलं, तुझं ते बरणीतलं थोडं मला दे. त्याने हात पुसले. एका काचेच्या बरणीत अर्धं काढून दिलं आणि सांगितलं, सकाळी सात, संध्याकाळी सात, एक मूठ पीठ, तेवढंच पाणी. मी म्हटलं, मला शिकवू नकोस. आणि मग त्याने सांगितलेलं मी घरी जाऊन विसरले, म्हणून रोझेनला विचारायला पाठवलं.

बरणी स्वयंपाकघरातल्या फळीवर आली, भिंतीवरच्या घड्याळाच्या बरोबर खाली. तिच्या शेजारी रोझेनची डबी. मावशीच्या घड्याळाला एवढ्या वर्षांनी काम मिळालं. सात वाजले की मी बरणी उघडायची आणि रोझेनने डबी. सुरुवातीला तिने कुरकुर केली. भांगाच्या दिवशी, शेडमध्येच बसायचं असताना, म्हणाली की आज तर नुसती निवड आहे, उगाच विष पोटात कशाला. मी बरणीत पीठ घालत होते. मी मागे न वळता सांगितलं, खमिराला सोमवार कळत नाही. तिने गोळी घेतली. घेताना हसली, कारण हे वाक्य कुणाचं ते तिला माहीत होतं.

कुरकुर दुसरीही होती, आणि ती खरी होती. पुढे, नाताळ होऊन गेल्यावर, डॉक्टरने सोबतीने शेतावर जायला परवानगी दिली तेव्हा काही दिवस असे यायचे की सातला ती पाण्यात असायची. त्या दिवसाची एक गोळी ती छोट्या डबीत घालून छातीवरच्या खिशात न्यायची, म्हणजे माझा नियम मोडून घरची वस्तू समुद्रावर जायची. मी ते चालवून घेतलं. पण पिशव्या उलटताना हात चिखलात, डोकं कामात, सात वाजले ते कोण सांगणार? फोन तिथे लागत नाही, घड्याळात पाणी जातं.

माझ्या नवऱ्याच्या होडीवरचा धुक्यातला भोंगा शेडमध्ये त्याच्या जुन्या खुंटीवर तसाच होता. पितळी, तोंडाने फुंकायचा. तो मी खुंटीवरून काढला, धुतला, घासला आणि घरात आणला. समुद्राचं सामान, उंबऱ्याच्या आत. लुईझने ते बघितलं आणि संध्याकाळपर्यंत गावाला सांगून आली.

सात वाजले की मी किनाऱ्यावरच्या उतारावर उभी राहून भोंगा फुंकायला लागले. पहिल्या दिवशी गावातले कुत्रे भुंकले आणि सरपंच मागच्या खिडकीतून डोकावला. मी त्याच्याकडे बघून आणखी एकदा फुंकला. रोझेन लाजेने मेली. म्हणाली, आजी, सगळ्या खाडीला कळेल. मी म्हटलं, बाजारात कळलंच होतं, आता नीट कळू दे. थोड्या दिवसांत शेजारच्या शेतांवरच्या बायकाच तिला हाका मारायला लागल्या, रोझेन, तुझा भोंगा. दोघीतिघींनी त्याच वेळेला कॉफीचा थर्मास उघडायची सवय लावून घेतली. खाडीत पहिल्यांदा काहीतरी घड्याळावर चाललं.

भांग आला आणि गेला. पुन्हा आला, गेला. पहिल्या काही वेळा ते दिवस लागले की मी रोझेनच्या मागेमागे असायचे, ती रागवायची की मांजर झालीस. तिचं कालव हातात थांबलं की माझा जीव थांबायचा, आणि ती फक्त त्यावरचा किडा बघत असायची. फिट आली नाही. नाताळचा हंगाम तिने शेडमध्ये आणि बाजारात काढला, एर्वेने होडी चालवली, आणि मी त्याला प्रत्येक वेळी सांगितलं की सुकाणू सांभाळून धर, मालकिणीचं आहे. तो हसायचा. शेवटच्या वेळी हसला नाही.

खूप भांग गेल्यावर डॉक्टरने तिला होडीची परवानगी दिली. गोळी आयुष्यात सोडायचीच नाही असं नाही, म्हणाली, पण सोडायची की नाही ते मी आणि तू मिळून ठरवू, तू एकटी नाही, चंद्र नाही. चंद्राचं तिला कोणी सांगितलं मला माहीत नाही. मी सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी पाणी सकाळीच उतरत होतं. रोझेनची खुंटी रिकामी झाली. दोर एर्वेनेच तिच्या हातात दिला. मी बघत होते म्हणून असेल. होडी सपाट पाण्यावरून निघाली, ती एकटी उभी, सुकाणूवर एक हात. मी उतारावर, हातात भोंगा. क्लेमां पाव भट्टीत टाकून धावत आला होता, कोपरापर्यंत पीठ. वारा समुद्राकडून होता. मला काळजी वाटली की भोंगा तिच्यापर्यंत पोचणार नाही. आणि इंजिनाचा आवाज वेगळाच.

मी क्लेमांला म्हटलं, किती वाजले? तो म्हणाला, होतच आलेत. मी भोंगा तोंडाला लावला, छातीत श्वास भरला.

लांबवर इंजिन थांबलं.

होडी पाण्यावर नुसती तरंगत होती. रोझेनने छातीवरच्या खिशात हात घातला, मग तोंडाकडे नेला, मग बाटली उचलली. आणि मग आमच्याकडे वळून हात वर केला, उंच, पूर्ण.

क्लेमांने नाक पुसलं आणि नाकाला पीठ लावून घेतलं.

मी तरी भोंगा फुंकला. श्वास भरलाच होता, आणि भोंगा माझा आहे.